हे तेच गाव का?

ऱ्हाइन नदीच्या दोन काठांवर लाउफेनबुर्ग नावाची दोन गावं आहेत. एक जर्मनीत, दुसरं स्वित्झर्लंडमध्ये, आणि मध्ये फक्त नदीचं पात्र. कित्येक शतकं हे एकच गाव होतं. नेपोलियनच्या काळात, 1801च्या सुमारास, सरहद्द नदीतून गेली आणि एका गावाची दोन झाली. नाव मात्र दोघांनीही सोडलं नाही. स्विस बाजूला तर गावाखेरीज त्याच नावाचा एक जिल्हाही आहे.

आता समजा, तुमच्यासमोर दोन याद्या आहेत. पहिलीत ‘लाउफेनबुर्ग’ अशी एकच नोंद, सोबत अक्षांश-रेखांश, आणि देशाचा रकाना कोरा. दुसरीत तीन लाउफेनबुर्ग: जर्मन गाव, स्विस गाव, स्विस जिल्हा. पहिल्या यादीतलं लाउफेनबुर्ग या तिघांपैकी कोणतं? नाव तिघांशीही तंतोतंत जुळतं. अंतर बघावं तर दोन्ही गावं हाकेच्या अंतरावर. आणि तो बिंदू कोणी एखाद्या जुन्या नकाशावरून ढोबळमानाने टिपला असेल, तर तो नदीच्या मधोमधही पडलेला असू शकतो.

माझं काम हेच आहे. ठिकाणांच्या निरनिराळ्या डेटाबेसमधल्या नोंदी एकमेकींशी जोडायच्या. या यादीतलं हे गाव म्हणजे त्या यादीतलं ते गाव, असा दुवा लिहायचा. जिओनेम्स या स्थळनामांच्या डेटाबेसमध्ये एक कोटीहून अधिक ठिकाणं आहेत. विकिपीडियाचा भावंड-डेटाबेस विकिडेटा आहे, लोकांनी मिळून केलेला नकाशा ओपनस्ट्रीटमॅप आहे. शिवाय संग्रहालयं, ग्रंथालयं, वनस्पतिशास्त्रज्ञ, मदतसंस्था, जनगणना खाती या सगळ्यांच्या आपापल्या याद्या, आणि प्रत्येक यादीत त्याच गावाला वेगळा आयडी. दुवे असले तरच गावाची लोकसंख्या एकीकडून, जुनी नावं दुसरीकडून आणि पुराची माहिती तिसरीकडून येऊन एका जागी बसते. बहुतेक नोंदी झटपट जुळतात, त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही. मला लिहायचंय ते उरलेल्यांबद्दल. त्यांच्यासमोर बसलं की ‘हे तेच गाव का?’ या प्रश्नाला हो असंही उत्तर देता येतं आणि नाही असंही, आणि दोन्ही उत्तरांच्या बाजूने चांगली कारणं असतात.

जुळणी करणारं सॉफ्टवेअर साधारण चार गोष्टी बघतं. नाव किती सारखं, बिंदू किती जवळ, प्रकार कोणता, म्हणजे गाव की नदी की डोंगर की जिल्हा, आणि ते ठिकाण कोणत्या प्रांतात, कोणत्या देशात येतं. चारही बाबींना गुण द्यायचे आणि बेरीज करायची. एकाच नावाची अनेक गावं असणं ही या कामातली मोठी अडचण, असं बाहेरून बघणाऱ्याला वाटतं. ती तितकीशी मोठी नाही. हैदराबाद भारतात आहे तसं पाकिस्तानातही आहे. त्रिपोली लिबियाची राजधानी आहे तसं लेबनॉनमधलं शहरही आहे. देश कळला की प्रश्न मिटला. स्प्रिंगफील्ड किंवा सान होसे अशी नावं डझनांनी सापडतात, पण ती गावं एकमेकांपासून इतकी लांब असतात की अंतराच्या कसोटीवरच वेगळी पडतात. त्रास होतो तो जवळच्या सारख्यांचा.

एस्टोनिया आणि लात्वियाच्या सीमेवर वाल्गा आणि वाल्का ही दोन शहरं एकमेकांना खेटून आहेत. मुळात हे एक शहर. दोन्ही देश नव्याने स्वतंत्र झाले तेव्हा शहर कोणाचं यावरून तंटा झाला, आणि 1920 साली स्टीफन टॅलेंट्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने लवाद म्हणून जी रेषा आखली ती शहराच्या मधून गेली. आता सॉफ्टवेअरच्या बाजूने विचार करा. नावात एका अक्षराचा फरक, म्हणजे त्याच्या लेखी टायपिंगमधली चूक. अंतर नगण्य. प्रकार तोच. चारातल्या तीन बाबींवर भरघोस गुण मिळतात आणि दोन देशांतली दोन शहरं बिनबोभाट एक होतात. मग एकाची जनगणना दुसऱ्याच्या नोंदीवर जाऊन बसते. पण हेच उत्तर दर वेळी चूक असतं असंही नाही. 1920पूर्वीच्या एखाद्या पत्रात या शहराचं जुनं जर्मन नाव ‘वाल्क’ आलं असेल, तर ते आजच्या दोन्ही शहरांचं आहे. त्या पत्राचा दुवा यांतल्या एकालाच द्यायचा म्हटलं तर तिथे अन्याय होतो.

देशाच्या रकान्यावर तरी डोळे मिटून विसंबावं, तर तिथेही खाचखळगे आहेत. दोन अक्षरी देशसंकेतांच्या दोन पद्धती कित्येक वर्षं शेजारी शेजारी वापरात होत्या: आंतरराष्ट्रीय आयएसओ 3166 आणि अमेरिकी सरकारची एफआयपीएस 10-4. ‘एयू’ म्हणजे पहिलीत ऑस्ट्रेलिया, दुसरीत ऑस्ट्रिया. ‘सीएच’ म्हणजे पहिलीत स्वित्झर्लंड, दुसरीत चीन. अमेरिकी पद्धत 2008 साली मागे घेतली गेली, पण तिच्यात भरलेल्या फायली अजून फिरत असतात. नामिबियाचा आयएसओ संकेत आहे ‘एनए’, आणि माहिती हाताळणारी काही अतिशय लोकप्रिय साधनं ही दोन अक्षरं ‘माहिती उपलब्ध नाही’ अशी वाचतात. सेटिंग बदललं नाही तर फाइल उघडताक्षणी एक अख्खा देश रकान्यातून पुसला जातो. कुठेही एररचा संदेश येत नाही.

प्रकाराचा प्रश्न मला यापेक्षा खोल वाटतो. बर्लिन घ्या. बर्लिन हे शहर आहे आणि जर्मनीच्या संघराज्यातलं एक राज्यही आहे, आणि दोघांची हद्द एकच. जिओनेम्समध्ये शहर म्हणून एक नोंद आहे, राज्य म्हणून दुसरी. विकिडेटात क्यू64 ही एकच नोंद शहर आणि राज्य दोन्ही भूमिका सांभाळते. मग दुवा कसा द्यायचा? एका नोंदीला एकच जोडीदार, हा नियम इथे मोडावाच लागतो. लक्झेंबर्ग नावाचा देश आहे, त्याच नावाची राजधानी आहे, त्याच नावाचा कँटन, म्हणजे प्रशासकीय विभागही आहे. पण इथे तिघांची हद्द वेगळी. ‘लक्झेंबर्गमध्ये जन्म’ एवढंच लिहिलेल्या चरित्रनोंदीतलं लक्झेंबर्ग कोणतं, हे त्या दोन शब्दांवरून कोणालाही सांगता येणार नाही. ते सांगता येत नाही हीसुद्धा त्या नोंदीबद्दलची माहितीच आहे, आणि ती जपायला हवी असं मला फार मनापासून वाटतं.

या वाटण्याला एक जुना, भक्कम आधार आहे. 1969 साली इव्हान फेलेगी आणि अॅलन संटर या कॅनडाच्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी नोंदी जोडण्याचा सिद्धान्त मांडला. दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत की नाहीत हे ठरवण्याचं गणित त्यात आहे, आणि आजही जुळणीच्या बऱ्याचशा साधनांच्या पोटात तेच गणित असतं. पण मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट गुणांचं सूत्र नाही, निर्णयांची संख्या आहे. त्यांनी दोन नव्हे, तीन निर्णय ठेवले: जुळलं, जुळलं नाही, आणि कदाचित. गुणांच्या पट्टीवर दोन उंबरठे. वरच्याच्या वर गेलं तर दुवा, खालच्याच्या खाली राहिलं तर नकार, आणि मधलं सगळं माणसाने डोळ्यांखालून घालायचं. मधला पट्टा हा त्यांच्या सिद्धान्ताचा रीतसर भाग आहे. चुकीची जोडणी आणि चुकीचा नकार या दोन्हींचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेत ठेवायचं, तर जे ठरवता येत नाही ते न ठरवलेलं राहू द्यावं लागतं.

प्रत्यक्षात काय होतं? प्रकल्प संपत आला की कोणीतरी विचारतं, किती टक्के जुळलं? मधला पट्टा कोणाला दाखवायला आवडत नाही. तो अपुऱ्या कामासारखा दिसतो. मग वरचा उंबरठा थोडा खाली येतो, आणखी थोडा खाली येतो, आणि ‘कदाचित’च्या डब्यातल्या नोंदी हळूहळू ‘जुळलं’च्या डब्यात जातात. आकडा सुधारतो. मी या मोजमापाच्या विरोधात आहे आणि जिथे जिथे बोलता येतं तिथे बोलते. राहिलेला दुवा दिसतो. रिकामा रकाना बघणाऱ्याला कळतं की इथे काम बाकी आहे. चुकीचा दुवा दिसत नाही. तो बरोबर दुव्यासारखाच दिसतो आणि पुढचा माणूस त्याच्यावर इमारत रचतो.

शिवाय चुकीचा दुवा जागच्या जागी राहत नाही. जोडलेल्या माहितीच्या जगात ‘हे आणि ते एकच’ असं सांगणारं एक प्रमाण विधान आहे, त्याचं तांत्रिक नाव सेम-अॅज. ते तर्कशास्त्रातल्या समानतेसारखं वागतं. अ म्हणजे ब, ब म्हणजे क, तर अ म्हणजे क. पहिल्या यादीने बर्लिन राज्याला बर्लिन शहराशी ‘एकच’ म्हणून जोडलं, दुसरीने शहराला त्याच्या मध्यवर्ती बिंदूशी जोडलं, तिसरीने त्या बिंदूला एखाद्या चौकाशी, तर यंत्राच्या दृष्टीने राज्य आणि चौक एक. प्रत्येक पायरीवर निर्णय घेणाऱ्याचं म्हणणं त्याच्या जागी समजण्यासारखं असतं. साखळी मात्र हास्यास्पद जागी पोहोचते. म्हणून ‘जवळची जुळणी’ असा एक सौम्य दुवाही या क्षेत्रात वापरतात, आणि तो मुद्दाम साखळीत पुढे नेला जात नाही. मी शक्य तिथे तोच वापरते.

या साखळीचा दुसरा धोका जास्त फसवा आहे. दोन डेटाबेस एकाच गोष्टीची साक्ष देतात तेव्हा आपला विश्वास वाढतो. पण दोघांनी ती माहिती एकाच जागेवरून उचलली असेल तर? स्वेर्कर योहान्सन या स्वीडिश गृहस्थांनी एल्एसजेबॉट नावाचा प्रोग्राम लिहिला. त्याने स्वीडिश आणि फिलिपिन्समधल्या सेबुआनो आणि वराय या भाषांच्या विकिपीडियांवर लाखो लेख आपोआप तयार केले. लेखसंख्येच्या हिशेबाने सेबुआनो विकिपीडिया इंग्रजीखालोखाल दुसरा झाला तो यामुळे. त्यातले भौगोलिक लेख मोठ्या प्रमाणात जिओनेम्सवरून घेतलेले होते. पुढे त्या लेखांच्या आधारे विकिडेटात नोंदी झाल्या. तिथे त्या ठिकाणाची नोंद आधीच असली तरी पुष्कळदा दुसरी तयार झाली, आणि अशी जुळी आजही लोक एक एक करून निस्तरत आहेत. आता एखाद्या टेकडीची जिओनेम्समधली जागा चुकलेली असेल, तर तीच चूक स्वीडिश लेखात, सेबुआनो लेखात आणि विकिडेटात सापडते. जुळणी करणाऱ्याला चार साक्षीदार दिसतात. खरा साक्षीदार एकच आहे, आणि बाकीचे त्याचंच म्हणणं पुन्हा सांगताहेत.

कोरल समुद्रातल्या सँडी आयलंडची गोष्ट याच जातीची आहे. 1876 साली ‘व्हेलॉसिटी’ नावाच्या देवमासे पकडणाऱ्या जहाजाने न्यू कॅलेडोनियाच्या पश्चिमेला बेट पाहिल्याचं कळवलं. बेट नकाशांवर आलं. फ्रेंच जलनकाशांवरून ते 1970च्या दशकात काढूनही टाकलं गेलं. पण तोवर ते किनाऱ्यांच्या जागतिक डेटाबेसमध्ये शिरलं होतं, आणि तिथून इंटरनेटवरच्या नकाशांमध्ये. नोव्हेंबर 2012मध्ये ‘सदर्न सर्व्हेयर’ या ऑस्ट्रेलियन संशोधन जहाजावरचे शास्त्रज्ञ त्या जागी पोहोचले तेव्हा तिथे पाणी होतं, तेही 1,300 मीटरांहून खोल. एका बाजूने दुरुस्ती झाली होती, पण ती दुरुस्ती ज्या वाटेने चूक गेली त्या वाटेने गेली नाही. म्हणून माहिती कुठून आली हे प्रत्येक नोंदीसोबत लिहायचा आग्रह मी धरते. कंटाळवाणा रकाना आहे तो, भरायला कोणालाच आवडत नाही, पण साक्षीदार एक की चार हे फक्त त्याच्यावरूनच कळतं.

बिंदूबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त भाबडेपणा तिथे आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर, एक मिनिट म्हणजे सुमारे 1.85 किलोमीटर. जगभरातल्या नावांच्या अमेरिकी सरकारी यादीतल्या बऱ्याच जुन्या नोंदी नकाशावरून जवळच्या मिनिटापर्यंत टिपलेल्या होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी पुढे इतर डेटाबेसमध्ये गेल्या. मिनिटांचं दशांशात रूपांतर केलं की 17.0833 असा आकडा दिसतो. चार दशांश स्थळं म्हणजे दहा-अकरा मीटरांची अचूकता, असं बघणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात त्या आकड्यामागे किलोमीटरभराची अनिश्चितता असते, आणि लाउफेनबुर्गसारख्या ठिकाणी किलोमीटरभरात देश बदलतो.

ही अनिश्चितता लपली की माणसांना काय भोगावं लागतं याचं एक उदाहरण 2016 साली उजेडात आलं. इंटरनेटच्या पत्त्यावरून जागा सांगणाऱ्या एका कंपनीकडे कित्येक पत्त्यांबद्दल ‘अमेरिकेत कुठेतरी’ एवढीच माहिती होती. रकान्यात मात्र बिंदू भरणं भाग होतं. म्हणून देशाच्या मध्याजवळचा एक सुटसुटीत बिंदू निवडला गेला: 38 अंश उत्तर, 97 अंश पश्चिम. तो बिंदू कॅन्सस राज्यातल्या एका शेतवाडीवर पडला. 60 कोटींहून जास्त इंटरनेट पत्ते त्या एका बिंदूवर जमा झाले, आणि वर्षानुवर्षं तिथे राहणाऱ्यांच्या दारात पोलीस, तपास अधिकारी आणि चिडलेले अनोळखी लोक येत राहिले. कोणाचा लॅपटॉप चोरीला गेलेला, कोणाची फसवणूक झालेली. प्रत्येकाचा नकाशा त्याच घराकडे बोट दाखवत होता. हा प्रकार समोर आल्यावर कंपनीने तो बिंदू एका तलावात हलवला. मला या उत्तराने समाधान वाटत नाही. बिंदू कुठे ठेवायचा हा प्रश्नच नव्हता. ‘देशाएवढी अनिश्चितता’ असं लिहायला जागा हवी होती, आणि वापरणाऱ्याने ती वाचायला हवी होती.

अशी जागा करता येते. जीवशास्त्रज्ञांनी केली आहे. त्यांच्याकडे वनस्पतींचे आणि प्राण्यांचे जुने नमुने असतात आणि त्यांवर ‘अमुक गावाच्या उत्तरेला पाच मैल’ अशी चिठ्ठी. पाच मैल कुठून मोजले, गावाच्या मध्यापासून की वेशीपासून? उत्तरेला म्हणजे नेमकं उत्तरेला की साधारण तिकडे? 2004च्या सुमारास त्यांनी यासाठी बिंदू आणि त्रिज्या अशी पद्धत मांडली. बिंदू द्यायचा आणि सोबत मीटरमध्ये सांगायचं की खरी जागा या वर्तुळात कुठेही असू शकते. जीवशास्त्रीय नोंदींसाठी असलेल्या डार्विन कोअर या प्रमाण नमुन्यात त्याचा स्वतंत्र रकाना आहे. दोन नोंदी जोडताना ही वर्तुळं एकमेकांत येतात का ते बघता येतं. सगळ्या स्थळयाद्यांनी एवढं जरी घेतलं तरी माझ्यासमोरच्या संदिग्ध जोड्यांतल्या कितीतरी सुटतील. ज्या सुटणार नाहीत त्या का सुटत नाहीत, हे तरी कळेल.

पण ‘ठिकाण’ म्हणजे काय याचं मला पटलेलं उत्तर प्राचीन जगाचा स्थळकोश करणाऱ्यांनी दिलं आहे. प्लेआडीस नावाचा हा कोश मुख्यतः ग्रीक-रोमन जगाच्या एका मोठ्या नकाशासंग्रहाच्या पायावर उभा राहिला. त्यात ठिकाण, नाव आणि जागा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एका ठिकाणाला अनेक नावं असू शकतात, एकही नसू शकतं. अनेक जागा सुचवलेल्या असू शकतात, एकही नसू शकते. प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कड शहराचं बघा. सार्गोन राजाची राजधानी, तिच्या नावावरून एक भाषा आणि एक साम्राज्य ओळखलं जातं. शहर कुठे होतं ते अजून कोणाला सापडलेलं नाही. ज्या डेटाबेसमध्ये ठिकाण म्हणजेच बिंदू, तिथे अक्कडला प्रवेश नाही, नाहीतर कोणीतरी अंदाजाने एक बिंदू ठोकून देतो आणि पुढे तोच खरा होऊन बसतो. तिन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या की अक्कड ताठ मानेने यादीत येतं.

ही विभागणी मनात पक्की झाल्यापासून ‘हे तेच का?’ हा प्रश्न मी तसाच्या तसा घेत नाही. आधी विचारते, कशासाठी? जनगणनेचा आकडा जोडायचा असेल तर हद्द जुळली पाहिजे. वाल्गा आणि वाल्का तिथे कदापि एक नाहीत. जुन्या पत्रव्यवहाराचा नकाशा करायचा असेल तर दोघांच्या वर एक तिसरी नोंद करावी लागेल, दुभंगण्यापूर्वीच्या शहराची, आणि आजची दोन्ही शहरं तिची वारस म्हणून जोडावी लागतील. मदतसामग्री पाठवायची असेल तर नावावर अजिबात विसंबू नये. संयुक्त राष्ट्रांची मानवी मदत समन्वय संस्था त्यासाठी प्रत्येक प्रशासकीय घटकाला पी-कोड नावाचा स्वतंत्र संकेत देते, आणि मदतीच्या यादीत नावाशेजारी तोच असावा लागतो. एकाच जोडीला तीन कामांसाठी तीन उत्तरं, आणि तिन्ही बरोबर.

दुवा लिहायचा तर त्याची दिशाही लिहावी लागते. याचं उदाहरण पुन्हा लाउफेनबुर्गमध्येच घडलं. दोन्ही गावांना जोडणारा नवा पूल बांधायला घेतला तेव्हा जर्मनी आणि स्वित्झर्लंड उंची वेगवेगळ्या समुद्रपातळीपासून मोजतात हे अभियंत्यांना ठाऊक होतं. जर्मन मोजणी अॅमस्टरडॅमच्या पातळीशी बांधलेली, स्विस मोजणी भूमध्य समुद्राच्या. फरक 27 सेंटीमीटर. तो हिशेबात धरलाही गेला, पण चिन्ह उलटं लागलं, आणि 2003 साली लक्षात आलं की दोन बाजूंमध्ये 54 सेंटीमीटरांचं अंतर पडतं आहे. दोन पद्धतींमध्ये नातं आहे हे माहीत असूनही ते कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला जातं हे चुकलं. आमच्या याद्यांमध्ये ‘संबंधित’ असा एक गुळमुळीत दुवा असतो, तो मी म्हणूनच टाळते. जिल्हा गावाला पोटात घेतो की गाव जिल्ह्याला नाव देतं, जुनं शहर नव्याचं पूर्वज की नवं जुन्याचा भाग, हे स्पष्ट हवं.

नकारही लिहून ठेवायला हवा. विकिडेटामध्ये ‘याहून वेगळे’ असा गुणधर्म आहे: ही नोंद त्या नोंदीसारखी दिसते, पण ती नव्हे. मला हा फार आवडतो. कोणीतरी नकाशे उलगडून, जुनी गॅझेटिअरं चाळून, दोन नोंदी वेगळ्या आहेत हे ठरवतं. ते कुठेच लिहिलं नाही तर सहा महिन्यांनी दुसरा कोणी त्याच जोडीवर अडतो, किंवा त्याच्याकडे वेळ नसेल तर दोन्ही एकत्र करून मोकळा होतो. हूज ऑन फर्स्ट या खुल्या स्थळकोशात आणखी एक चांगली सोय आहे. ठिकाण आज अस्तित्वात आहे का, या प्रश्नाला तिथे तीन उत्तरं आहेत: 1 म्हणजे आहे, 0 म्हणजे नाही, आणि उणे 1 म्हणजे माहीत नाही. फेलेगी-संटरचा मधला डबा इथे वेगळ्या रूपात भेटतो, आणि तो भेटला की मला त्या कोशाबद्दल आदर वाटतो.

सगळ्यात अवघड जोड्या काळाने तयार केलेल्या असतात. काही सरळ असतात: 1873 साली बुडा, ओबुडा आणि पेश्त मिळून बुडापेश्त झालं, तर चार नोंदी, तीन पूर्वज आणि एक वारस. कझाकस्तानच्या राजधानीचं नाव 1998 साली अस्ताना झालं, 2019 साली नूर-सुलतान, 2022 साली पुन्हा अस्ताना. जागा तीच, नावं बदलली, नोंद एकच. मॉन्टसेराट बेटावरचं प्लिमथ ज्वालामुखीमुळे 1997पासून ओसाड आहे, एकही माणूस तिथे राहत नाही, तरी कायद्याने तीच राजधानी. ‘लोकवस्तीचं ठिकाण’ आणि ‘राजधानी’ हे दोन प्रकार इथे एकमेकांपासून सुटतात.

स्वीडनमधलं किरुना मात्र विचारात पाडतं. खालच्या लोखंडाच्या खाणीमुळे जमीन खचते आहे म्हणून शहराचं केंद्र सुमारे तीन किलोमीटर पूर्वेला हलवलं जातंय. नवं केंद्र 2022 साली सुरू झालं, आणि ऑगस्ट 2025मध्ये तिथलं जुनं लाकडी चर्च अख्खंच्या अख्खं चाकांवर चढवून पाच किलोमीटर नेलं. माझ्या मते किरुना एकच. लोक, नगरपालिका, रेल्वे, खाण, सगळं सलग चालू आहे. बिंदू सरकला, नोंद तीच राहावी, आणि जुना बिंदू तारखेसह तिच्यातच असावा. चर्चच्या नोंदीचंही तसंच.

हसनकेफबद्दल मी याच्या उलट निर्णय घेतला आहे. तुर्कस्तानात टायग्रिसच्या काठावरचं हे प्राचीन गाव इलिसू धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि जवळच उंचावर नवं हसनकेफ वसवलं गेलं. काही स्मारकंही उचलून तिकडे नेली. एका सहकाऱ्याचं म्हणणं, लोक तेच, नाव तेच, मग किरुनाला एक न्याय आणि हसनकेफला दुसरा का? माझं उत्तर असं की किरुनाविषयीची जुनी कागदपत्रं त्या माणसांबद्दल आणि त्या खाणीबद्दल बोलतात, ती आजच्या किरुनालाही लागू पडतात. हसनकेफविषयीची बहुतेक जुनी वर्णनं त्या कड्याबद्दल, कड्यातल्या गुहांबद्दल आणि पुलाच्या उरलेल्या खांबांबद्दल आहेत. ती नव्या गावाच्या बिंदूवर नेऊन ठेवली तर वाचणारा तिथे ते शोधत बसेल. म्हणून मी दोन नोंदी ठेवल्या: जुनी, आता वस्ती नसलेली, नवी, तिची वारस, आणि हलवलेली स्मारकं स्वतंत्र, दोन्ही जागांसह. सहकाऱ्याला हे पूर्ण पटलेलं नाही. त्याचा आक्षेप आणि माझं कारण, दोन्ही नोंदीच्या टिपेत तारखेसह आहेत, आणि दुवा सध्या मधल्या डब्यात आहे.